हसवणारा खेळ कोणता?

रविवार, रात्र. रबाळ्यात एमआयडीसीच्या शिफ्टा सांभाळून चौघांनी एका टेबलाशी जमणं हेच दिव्य, त्यात भूमिका घेऊन खेळायचा खेळ कुठल्या नियमांनी खेळायचा यावर वाद. १९७४ चं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ मी आधीच बाद केलं. एकेक मारामारी इतकी लांबते की विनोदाचा पार चोथा होतो. १९८४ च्या ‘टून’मध्ये मरणंच नाही, पडायचं, तीन मिनिटं खेळाबाहेर बसायचं, पुन्हा हजर. (आमच्यातल्या एकाला तीन मिनिटं गप्प बसवणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही.)

माझा कल जेसन मॉर्निंगस्टारच्या ‘फियास्को’कडे, २००९ चा. सूत्रधारच नाही. मधोमध फासे टाकायचे आणि आकड्यांवरून शेजाऱ्याशी नातं, गरज, वस्तू, जागा जुळवायची. तक्ते मी घरचेच केले. जागा, रबाळे स्टेशन. वस्तू, साहेबांचा हरवलेला गेट पास. नातं, एका खोलीतले दोन भाडेकरू, दोघांनाही वाटतं भाडं दुसऱ्यानं भरलंय. पुढे कुणाला विनोद करावाच लागला नाही.

तमाशाच्या वगातही कथानक ठरलेलं, संवाद जागच्या जागी. सोंगाड्याला रान मोकळं, पण समोरचा राजा गंभीर हवा. विनोदी नियमांपेक्षा मला असा राजा जास्त कामाचा वाटतो.

पुढच्या वेळी ‘हनी हाइस्ट’ हवंय म्हणे. मध चोरणारी अस्वलं, सगळे नियम एका पानात. चालेल. पण अस्वलांनी ठाणे-बेलापूर रोडनंच यायचं, गर्दीच्या वेळी.