काठी नदी बघून

मागच्या ऑक्टोबरात भाच्याचा सिडनीहून फोन आला. तिकडं रात्रीचे नऊ, आमच्या सांगलीत दुपारचे साडेतीन. "मामा, पहिली स्पिअरगन घेतोय. ७५ ची घेऊ, ९० ची का ११० ची? तुम्ही सांगा."

स्पिअरगन म्हणजे पाण्याखाली मासे मारायची भाल्याची बंदूक. तिच्यात दारू नाही, गोळी नाही. लांब नळी, तिच्यावर पोलादी भाला आणि पुढच्या टोकाला जाड रबरी पट्टे. मूठ छातीला टेकवून पट्टे दोन्ही हातांनी ओढायचे आणि भाल्याच्या खाचेत अडकवायचे. घोडा दाबला की भाला सुटतो. तो दोरीनं बंदुकीला बांधलेला असतो, म्हणून परत हाताशी येतो. भाचा सांगत होता ते आकडे नळीच्या सेंटिमीटरांचे.

मी ती बंदूक कधी हातात धरलेली नाही. तरी त्यानं मलाच विचारलं, कारण त्याच्या हातात पहिला गळ मी दिला होता. हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते तिथं, तो आठ वर्षांचा असताना. मी म्हटलं, "तिथलं पाणी कसं आहे? किती लांबचं दिसतं?"

हा प्रश्न माझा नव्हे. माहुलीच्या घाटावर एका म्हाताऱ्यानं तो मला घातला होता.

वडिलांच्या नोकरीमुळं आमचं बिऱ्हाड साताऱ्यात होतं. शहरापासून पाचेक किलोमीटरवर क्षेत्र माहुली, तिथं वेण्णा कृष्णेला भेटते. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. दगडी घाट, जुनी शिवालयं, आणि पाण्यालगतचा काळा खडक. १९७८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दहा वर्षांचा होतो. साठवलेले पैसे घेऊन मी सातारच्या बाजारात गेलो आणि दुकानातला सगळ्यांत मोठा गळ घेतला. करंगळीएवढा जाड, उलट्या काट्याचा. माझ्या डोक्यात मासा होता तो मांडीएवढा.

घाटावर भोई आजा जाळं सांधत बसलेले असत. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही, सगळे त्यांना आजाच म्हणत. त्यांनी गळ तळहातावर घेऊन उलटसुलट केला. म्हणाले, "ह्यो कुठल्या पाण्यात टाकनार? हितं कार्तिकात पानी कसं असतंय, बघितलंस का? तळ दिसतोय. मासा तुला आधी बघतोय, मग गळाला. आन् त्येचं तोंड केवढं हाय?"

मग त्यांनी मला माझी पहिली काठी निवडून दिली. मेसाची. मेस म्हणजे सातारच्या पश्चिमेच्या डोंगरात होणारा बारीक, आतून जवळजवळ भरीव बांबू. आजांनी चार काठ्या एकेक करून हातात दिल्या आणि डोळे मिटायला लावले. शेंड्याला त्यांनी नखानं टिचकी मारायची आणि बुडख्याला धरलेल्या माझ्या हाताला ती कळते का ते मी सांगायचं. दोन काठ्यांत काहीच कळलं नाही, एकीत उशिरा कळलं, चौथीत टिचकी थेट मनगटात आली. "हीच घे." ती नऊ फुटांची होती. मला बारा फुटांची हवी होती. आजा म्हणाले, घाटाच्या शेवटच्या पायरीपासून खडक संपतो तिथवर नऊ फूटच आहेत, पुढचे तीन फूट तू कुणासाठी उचलणार?

तंगूस पातळ घेतला, गळ बारा नंबरचा. गळांचे नंबर उलटे चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. नंबर मोठा तितका गळ लहान. तरंग म्हणून ज्वारीच्या ताटाचा दोन बोटं तुकडा. गांडुळं घाटामागच्या ओल्या मातीतली. तिसऱ्या दिवशी वीतभर शिंगाडा लागला. त्याच्या कल्ल्यामागचा काटा माझ्या अंगठ्यात शिरला आणि रात्रभर ठणका गेला नाही. तो मोठा गळ मी पुढं कितीतरी वर्षं काडेपेटीत ठेवला होता.

आजांनी आणखी एक गोष्ट शिकवली. पावसाळ्यात कधी डबक्याच्या कडेला तांबड्या पिलांचा एक पुंजका पाण्यावर उकळल्यासारखा हलताना दिसतो. ती मरळीची पिलं. मरळ हा वर येऊन हवा घेणारा मासा, आणि नर-मादी पिलांच्या खाली राखण करत राहतात. त्या पुंजक्यात काहीही पडलं की खालून झडप येते. म्हणजे त्या दिवसांत मरळ धरणं सगळ्यांत सोपं. आजा म्हणत, तांबडं पानी दिसलं की काठी उचलायची आन् घरला जायचं. एक मरळ काढली तर पुंजक्यातलं एकही पिलू उरत नाही.

हे मला पटलेलं होतं असं मात्र नाही. पटलं ते नंतर, आणि त्यात माझाच हात होता.

भाच्यानं स्पिअरगन म्हटलं तेव्हा मला आठवली ती १९८१ च्या जूनमधली माझी बंदूक. आजोळी, भिलवडीच्या बाजूला, आम्ही पोरांनी ती केली होती. मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून टोकदार केल्या, सायकलची जुनी ट्यूब कापून तिचे पट्टे काढले आणि कळकाच्या पेराच्या नळीला बांधले. काडी नळीत घालायची, रबर ताणायचं, सोडायचं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि ओढ्याला पाणी आलं. नदीतले मासे ओढ्यानं वर चढू लागले. आमच्याकडं याला चढणीचे मासे म्हणतात. गावातले लोक काठ्या, कोयते, पाट्या, बुट्ट्या घेऊन ओढ्याला धावतात. आम्ही आमच्या काड्या घेऊन धावलो.

पहिले सात-आठ नेम चुकले. काठावरून पाहताना मासा जिथं दिसतो तिथं नसतो, त्याच्या खाली असतो. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो म्हणून. हे शाळेत शिकलो होतो, पण हाताला ते ओढ्यात उमगलं. मग मी माशाच्या खाली नेम धरला आणि काडी बरोबर पोटात गेली. हातभर मासा. मी तो नाचवत घरी आणला. आजीनं पोट फाडलं तर आत गाभोळीच गाभोळी, वाटीभर पिवळे दाणे. ती काही बोलली नाही. तिनं गाभोळी वेगळी तळून मला वाढली आणि म्हणाली, "ही अंडी टाकायलाच वर चालली होती." तिच्या आवाजात रागही नव्हता. मी ते खाल्लं, चवही चांगली लागली, आणि दुसऱ्या दिवशी ट्यूबचे पट्टे सोडून टाकले. चढणीचे मासे मारणं ही माझ्या लेखी आपल्या नदीवरची सगळ्यांत वाईट रीत आहे. गरिबाच्या घरी त्या दिवशी पोटभर मासा होतो, हे मला ठाऊक आहे. तरीही हेच म्हणेन.

नोकरी सांगलीत लागली. १९९२ साली पहिल्या पगारात मुंबईहून एक फायबरची काठी आणि रील आणली. बारा फुटांची, जड, समुद्रावर लांब फेकायची. दुकानदारानं दाखवली आणि मी भाळलो. दहाव्या वर्षीचीच चूक पुन्हा. आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला उभा राहून मी ती वर्षभर वागवली. तिच्या शेंड्याला मासा लागला तरी हाताला पत्ता लागत नसे. शेवटी माळ्यावरची मेसाची काठी काढली आणि पहिल्याच संध्याकाळी वांब लागली.

सांगलीकडं मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. पूर ओसरला की तिच्यावर नवा थर बसतो, आणि कृष्णाकाठची वांगी तिच्यात होतात. माझ्या सांगलीतल्या पहिल्या काही वर्षांत मळी या शब्दाला हाच वास होता. आता नदीवर कुणी मळी म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावतात. ही साखर कारखान्यांची मळी. ती पाण्यात आली की तिच्यावर जिवाणू वाढतात, ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात आणि मासा गुदमरतो. उन्हाळ्यात धार बारीक असते, तेव्हा थोडी मळीही पुरते. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता. त्यात कटला, रोहू होते, चिलापी होती, आणि पोत्यांनी मासे भरून नेणारी माणसंही होती. त्या आठवड्यात मी काठी घेऊन नदीवर गेलो होतो, हे सांगायला मला आजही जड जातं. मी पाणी बघायला शिकलो होतो, आणि बघण्यासारखं पाणी समोर नव्हतं.

२०१९ च्या पुरात आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, फायबरची काठी आणि रीलसुद्धा. मेसाची माळ्यावर होती म्हणून वाचली.

भाच्यासाठी मी महिनाभर वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की भोई आजांनी सांगितलं त्यापलीकडं फारसं काही नाही. बंदुकीची लांबी माशावरून ठरत नाही, पाण्यावरून ठरते. गढूळ पाण्यात दोन-तीन मीटरच दिसत असेल तर ११० ची बंदूक वळवताही येत नाही, आणि तिचा लांबचा पल्ला न दिसणाऱ्या जागेला जातो. खडकांच्या कपारीत ७५ ची बरी. सिडनीच्या बाजूला बऱ्याचदा पाणी त्याहून स्वच्छ असतं, म्हणून ९० ची. एकच रबर, कारण दोन ओढायला छातीत जोर लागतो आणि नवख्याचा श्वास त्यातच संपतो. मी त्याला ओढ्यातली गोष्टही सांगितली आणि म्हटलं, तुझ्याकडं उलटं होईल. काचेच्या मास्कमधून पाण्याखाली मासा तिसऱ्या हिश्श्यानं मोठा आणि पाव हिश्श्यानं जवळ दिसतो. तो टप्प्यात आलासा वाटेल, पण आलेला नसेल.

आणखी तीन गोष्टी मी त्याच्याकडून कबूल करून घेतल्या. बंदूक पाण्याबाहेर कधीही भरायची नाही. एकट्यानं उतरायचं नाही, कारण श्वास रोखून खोल गेलेला माणूस वर येताना, पृष्ठभागाच्या जवळ, काहीही न कळता बेशुद्ध होऊ शकतो. तिथं दुसरा माणूस नसेल तर तो बुडतो. पट्टीचे पोहणारे असे गेलेत. आणि जवळ येणाऱ्या माशावर बंदूक धरायची नाही.

ही तिसरी गोष्ट ब्लू ग्रोपरवरून. न्यू साउथ वेल्सचा तो राज्य-मासा, माणसाला न भिणारा, कुतूहलानं जवळ येणारा. १९६९ पासून त्याला भाल्यानं मारायला तिथं बंदी आहे. तरी २०२३ च्या डिसेंबरात क्रोनुलाजवळ लोकांच्या ओळखीचा एक ग्रोपर कुणीतरी मारला. पुढच्या वर्षी सरकारनं तो गळानं धरायलाही बंदी केली. भाच्याला मी महाड तालुक्यातल्या वाळण कोंडाची आठवण दिली. लहानपणी मी त्याला तिथं नेलं होतं. तिथले महसीर देवीचे मानतात, कुणी धरत नाही. मासे काठाला येऊन लोकांच्या हातचे कुरमुरे खातात. तो म्हणाला, "आठवतंय मामा. माझ्या बोटाला ओठ लागला होता."

त्यानं ९० ची घेतली. पहिल्या रविवारी मित्राला घेऊन समुद्रावर गेला, तर आदल्या रात्रीच्या वाऱ्यानं पाणी ढवळलेलं होतं, दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. दोघं अर्धा तास खडकावर बसले आणि बंदूक न भरताच घरी परतले.