वाऱ्याच्या उलट दोनशे किलोमीटर

बागाईतदाराला पावसाची भीती जेवढी असते, त्याहून जास्त वाऱ्याची असते. पाऊस निदान ढग दाखवून येतो. वाऱ्याचं तसं नाही. करकंबच्या शिवारात उजनीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला, पानमळे होतेच, द्राक्षं झाली, बेदाणा झाला. पण जितकं पीक उंच आणि जितकं महाग, तितकं ते वाऱ्याच्या हातात.

माझी द्राक्षबाग दोन एकर. दोन वर्षांमागं मार्चच्या शेवटाला, बेदाण्याचा माल उतरायला आठ दिवस राहिले असताना संध्याकाळी वादळ सुटलं. वाय अँगलच्या मांडवात सगळा भार कडेच्या ताणांवर असतो. एक ताण निसटला की तारा ढिल्या होतात आणि ओळीमागं ओळ बसत जाते. वीस मिनिटांत दोन एकर घडांसकट भुईला टेकली. मी वस्तीच्या दारात उभा राहून बघत होतो. बघण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतंच.

वेली मेल्या नव्हत्या. बांबूचे टेकू देऊन जमतील तेवढ्या उचलल्या, खरड छाटणी उरकली. आता प्रश्न होता ऑक्टोबर छाटणीचा. तोवर मांडव उभा करायचा, की बागच काढायची? मांडव म्हणजे काही लाखांचा खर्च. एवढा पैसा घातला की पुढं दहा-बारा वर्षं बाग सांभाळावी लागते. माझं वय चौसष्ट. पोरगी सासरी. पोरगा एकच, तो आयटीआय करून साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीवर कामाला. त्याला फोनवर विचारलं की एकच उत्तर, "बघू की आण्णा." त्या 'बघू'वर कर्ज काढता येत नाही.

म्हणून ठरवलं, समोरासमोर बसून विचारायचं. घरातनं विरोध झाला. "या वयात फटफटीवर तिथवर? एस्टीनं जावा." पण एस्टीनं गेलं की पंढरपूरला बदला, साताऱ्याला बदला, वर डोंगराच्या गाडीची वाट बघा. आणि खरं सांगायचं तर मला वाटेत कुणाशी बोलायचं नव्हतं. २००४ साली उसाच्या बिलात घेतलेली स्प्लेंडर अजून पहिल्या किकला सुरू होते. टायर बघितलं, चेन आवळली, टाकी भरली.

आषाढी झाली, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला, दिंड्या परत फिरल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. पंढरपूरचे रस्ते झाडत होते. महुदापर्यंत ऊस, डाळिंब, मका, मधेमधे झाडं. वाऱ्याचं काही वाटलं नाही. महूद सोडलं, दिघंचीकडं लागलो आणि दोन्ही बाजूंची झाडं विरळ झाली. पुढं नुसतं माळरान. तिथं पहिल्यांदा समोरून दणका बसला.

शेतात उभं राहून सोसायचं वारं वेगळं आणि गाडीवर अंगावर घ्यायचं वेगळं. गाडी पन्नासनं पळतीय आणि तीसनं समोरून वारं आलं, तर छातीवर ऐंशीचं लागतं. चौथ्या गिअरमध्ये गाडी रडायला लागली, तिसरा टाकला. रस्ता जरा वळला की तेच वारं डाव्या अंगानं यायचं आणि गाडी आपोआप उजवीकडं सरकायची. मग गाडी वाऱ्याच्या अंगाला थोडी कलती ठेवायची. खरी भीती ट्रकची. समोरनं ट्रक आला की क्षणभर वारं थांबतं, आपण कलतेच असतो, आणि ट्रक मागं गेला की एकदम थप्पड बसते. दोन-तीन वेळा झाल्यावर कळलं, हँडल घट्ट धरायचं नाही. जेवढं आवळावं तेवढी गाडी झोकांड्या खाते. हात सैल, गुडघे टाकीला दाबलेले, आणि चाळीसच्या वर जायचं नाही. मागं कॅरिअरला घरच्या बेदाण्याची पिशवी उभी बांधली होती, ती शिडासारखी वारं धरत होती. उतरून आडवी बांधली.

म्हसवडला सिद्धनाथाला बाहेरूनच हात जोडले आणि चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेला मेंढरं एकमेकींच्या आडोशाला माना घालून उभी होती. चहावाला आभाळाकडं बघून म्हणाला, "पावणं, ढगं रोज जात्यात. हात करून बी थांबत न्हाईत."

त्यानं चार शब्दांत सांगितलं ते असं आहे. अरबी समुद्राकडनं येणारं वारं सह्याद्रीवर चढताना पाणी तिथंच टाकतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तेच वारं डोंगर उतरून माणदेशात येतं तेव्हा रिकामं असतं. माण, आटपाडी, सांगोला या भागात कसाबसा पाचशेच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. म्हणजे आषाढात इथल्या माणसाच्या वाट्याला पावसाचं नुसतं वारं येतं.

गोंदवल्याला समाधीचं दर्शन घेतलं. दहिवडी, पुसेगाव मागं पडलं. पुसेगावच्या पुढं वर्धनगडाचा घाट चढून पलीकडं उतरलो आणि रंग बदलला. कोरेगावच्या बाजूला ओल होती, हिरवं होतं. साताऱ्यात पोचायला दुपारचे दोन वाजले. सज्जनगडाचा रस्ता धरून ठोसेघरावरून वर चढलो तर पाऊस आडवा यायला लागला आणि धुकं एवढं की पुढचं चाक दिसेना. पवनचक्क्या दिसायच्या आधी ऐकू आल्या. कापड फाडल्यासारखा आवाज, ठरावीक तालात.

पोरगा रस्त्यावर येऊन उभा होता. मला भिजलेला बघून आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आण्णा, तुमी एकटंच आलाव? गाडीवर?" एवढंच. पिशवी घेतली, खोलीवर नेलं, कोरडा टॉवेल दिला.

संध्याकाळी त्यानं त्याचं काम दाखवलं. टॉवरच्या आत लोखंडी शिडी, वर दहा-बारा मजल्यांइतकी उंची. पाती मिनिटाला तीस-चाळीस फेरे घेतात, आतल्या गिअरपेटीतून जनरेटर हजाराच्या वर फिरतो. वारं दुप्पट झालं की ताकद दुप्पट नाही, आठपट होते. म्हणून हे चार महिने त्यांचे सुगीचे. वारं सेकंदाला तीन-चार मीटर झालं की यंत्र चालू होतं आणि पंचवीस मीटरला, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरला, आपणहून थांबतं.

"थांबतं? एवढं वारं असताना?"

"मग मोडंल की. पंचवीसच्या वर कमवायचं न्हाई, टिकायचं."

मी माझ्या बागेचा विचार केला. तिला थांबता येत नाही. ताण तुटेपर्यंत ती वारं अंगावर घेते.

रात्री पत्र्यावर पाऊस वाजत होता. जेवण झाल्यावर मी सरळ विचारलं, "मांडव उभा करू का? तू येणार असलास तर करतो."

तो बराच वेळ बेदाणे निवडत बसला. मग म्हणाला, "आण्णा, घरला येणार न्हाई असं मी म्हणत न्हाई. पण बागंसाठी येणार न्हाई. तुमी आठ म्हैनं आभाळाकडं बघून झोपत न्हाई, ते मी ल्हानपणापासनं बघितलंय. हितं वारं सुटलं की कुणाची झोप जात न्हाई."

मला वाईट वाटलं. राग मात्र आला नाही. दोनशे किलोमीटर त्याच वाऱ्याला छाती देऊन आलो होतो. आमची बाग पाडणारं वारं आणि त्याचा पगार काढणारं वारं एकच, हे त्या दिवशी अंगावर घेतलं नसतं तर त्याचं बोलणं मला पोराच्या जातीचं, आयतं वाटलं असतं. एक दिवस राहिलो. त्याच्या हातचं खाल्लं.

येताना वारं पाठीशी होतं. वर्धनगड उतरल्यावर गाडी अशी चालली की कानाला आवाजच नाही. वारं आणि गाडी बरोबरीनं चालली की वारं आहे हेच कळत नाही, उलट इंजिनाची धग पायाला लागते. जाताना लिटरला पन्नासही पडलं नव्हतं, येताना साठाच्या वर गेलं. दुपारी एकच्या आत मी पंढरपुरात होतो.

भाद्रपदात बाग काढली. अँगल आणि तारा निम्म्या किमतीला गेल्या. पहिल्या वेलीला कुऱ्हाड लागली तेव्हा मी तिथं थांबलो नाही. रान तापू दिलं आणि मालदांडी पेरली. शेजारी म्हणाले, बागाईत सोडून जिराईत पीक घेतो, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. पण त्या हिवाळ्यात मी बऱ्याच वर्षांनी रात्रीचा सलग झोपलो.

संक्रांतीला पोरगा चार दिवस रजा टाकून आला. ज्वारी हुरड्यात होती. बांधावर उभा राहून हलणाऱ्या कणसांकडं बघत म्हणाला, "पाच-सा मीटर असंल आण्णा."

मी म्हटलं, "उपणायला तेवढं पुरं हाय."