चौदा आणे आंबा

आमच्या घराच्या पडवीत भिंतीला टेकवून एक लांब बांबू ठेवलेला असतो. त्याच्या टोकाला लोखंडी कडे आहे, कड्याला जाळीची पिशवी आहे आणि कड्याच्या तोंडाशी धारदार पाते आहे. याला नूतन झेला म्हणतात. गेल्या वर्षी हा बांबू खांद्यावर टाकून मी शाळेत निघालो, तेव्हा वाटेतले लोक हसले. पण माझा नाइलाज होता. आदल्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, "सर, विद्यापीठात लोक वर्षानुवर्षे संशोधन करतात. सरकार त्यांना पगार देते. त्यातून आपल्या गावाला काय मिळते?"

त्याचा प्रश्न उद्धट नव्हता. याच प्रश्नावरून माझे अब्बा आणि चाचा यांच्यात कित्येक वर्षे वाद चालत असे.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. अब्बांची हापूसची जुनी बाग, तर चाचा नोकरीसाठी कुवेतला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले आणि तिथले एक लाखाहून अधिक भारतीय एका रात्रीत निराधार झाले. आपल्या सरकारने अम्मानमार्गे विमानांनी त्यांना मायदेशी आणले. त्यांतच चाचा होते. मी तेव्हा तीन वर्षांचा. दादी सांगायची, "कपड्यांची एक पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला आणि आधी पाणी मागितले."

चाचांच्या वाट्याला घरामागचा वरकस डोंगर आला होता. तिथे गवताशिवाय काही उगवत नसे. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली. चाचांनी काजू लावायचे ठरवले, तेही बी पुरून नव्हे, तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने तयार केलेल्या जातीची कलमे आणून. त्या जातीचे नाव 'वेंगुर्ला-४'. ती १९८१ साली प्रसारित झाली.

अब्बांना हे पटले नाही. "आपल्या बापजाद्यांनी काजूची बी टाकली, झाड आपोआप आले. कलमे कसली आणतोस? झाडे कागदावर वाढत नाहीत," ते म्हणाले.

बीपासून आलेले काजूचे झाड आईसारखे निघेलच असे नसते. एकाची बी टपोरी, तर शेजारच्याची करंगळीच्या नखाएवढी. कलमाचे तसे नाही. चांगल्या झाडाची कोवळी काडी लहान रोपाच्या कोवळ्या खोडावर बांधतात. याला मृदकाष्ठ कलम म्हणतात. अशा कलमाला मूळ झाडाचेच गुण येतात आणि फळही लवकर धरते. चाचांच्या डोंगरावर चौथ्या वर्षी बोंडू लागले. पुढे माझ्या डी.एड.ची आणि बी.एड.ची फी त्या काजूतूनच भरली गेली.

तरी अब्बा बधले नाहीत. त्यांचे दुःख वेगळे होते. ते दुःख म्हणजे साका.

हापूस आंबा बाहेरून सोन्यासारखा दिसतो. कापावा तर आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. यालाच साका म्हणतात. बाहेरून तो ओळखता येत नाही, हीच मोठी अडचण. एका वर्षी वाशीच्या बाजारातून एका व्यापाऱ्याचा निरोप आला की तुमच्या मालात साका फार आहे, पैसे निम्मे मिळतील. अब्बा त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या मोसमात चाचा कृषी विद्यापीठातल्या एका तरुण संशोधकाला घरी घेऊन आले. तो एस.टी.ने आला होता. हातात एक वही आणि पिशवीत सुरी. त्याने बागेतले आंबे तीन तऱ्हांनी उतरवून घेतले, काही थोडे कमी तयार, काही चौदा आणे तयार आणि काही पुरते तयार. पिकल्यावर तो पुन्हा आला आणि अंगणात बसून एकेक आंबा कापू लागला. कापायचा, बघायचा, वहीत लिहायचा. शंभर तरी आंबे कापले असतील. मी दहा वर्षांचा होतो. मला मौज वाटत होती, पण अब्बांचा चेहरा पाहवत नव्हता.

"साहेब, चांगले आंबे का नासता?" त्यांनी विचारले.

"चाचा, साका बाहेरून दिसत नाही. कापल्याशिवाय मोजणार कसा?"

"मग सांगा, काय निघाले?"

"आत्ताच नाही सांगता येणार. एका बागेवरून आणि एका वर्षावरून काही ठरत नाही."

अब्बा उठून आत गेले. दादी मात्र कापलेल्या फोडी परातीत गोळा करत म्हणाली, "बेटा, तू लिही. मी साठे घालते." त्या वर्षी आमच्याकडे आंब्याची साठे भरपूर झाली.

असे आंबे विद्यापीठाच्या लोकांनी अनेक बागांत, अनेक वर्षे कापले. त्यातून कळले की उन्हाने तापलेल्या जमिनीची धग साक्याला कारण होते आणि आंबा झाडावर पुरता तयार होऊ दिला तर साका वाढतो. म्हणून बागेत झाडाखाली गवत पसरावे आणि आंबा चौदा आणे तयार असतानाच उतरवावा. पूर्वी सोळा आण्यांचा रुपया असे. चौदा आणे म्हणजे दोन आणे कमी, शेकड्यात सांगायचे तर सुमारे ८५ टक्के तयार. काढलेला आंबाही उन्हात ठेवू नये. अब्बांनी कुरकुरत हे करून पाहिले. साका अगदी गेला असे मी म्हणणार नाही. कमी झाला. व्यापाऱ्याचा तसा निरोप मात्र पुन्हा आला नाही.

नूतन झेलाही याच विद्यापीठाचा. जुन्या झेल्याने आंबा ओढला की देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि फळ लवकर सडते. नव्या झेल्याचे पाते आंबा थोड्या देठासकट कापते. एवढीच सुधारणा! पण ती सुचायला कुणीतरी देठाकडे नीट पाहावे लागले.

विद्यापीठ १९७२ साली दापोलीला स्थापन झाले. आज त्याचे नाव डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ असे आहे. राज्य सरकार त्याचा खर्च चालवते, भारतीय कृषी अनुसंधान परिषदही मदत करते. हे काम एखाद्या व्यापाऱ्याने का केले नाही? मी वर्गात 'रत्ना' आंब्याचे उदाहरण दिले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तो वेंगुर्ल्याला तयार झाला आणि १९८१ साली प्रसारित झाला. आंब्याच्या एका मोहोरात शेकडो फुले असतात, त्यांतली फार थोडी फळ धरतात. हाताने संकर करायचा, कोय रुजवायची, झाड मोठे होण्याची वाट पाहायची, मग फळ तपासायचे. पसंत पडले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षे कोणता व्यापारी पैसे अडकवून ठेवील? शिवाय एक कलम विकले की शेजारी त्यावरून दहा कलमे बांधतो. व्यापाऱ्याच्या हाती काही राहत नाही आणि गावाला मात्र सगळे मिळते.

वर्गातल्या एका मुलाने लगेच आडवा प्रश्न टाकला, "सर, मग बाजारात लोक रत्ना का मागत नाहीत?" खरे होते. रत्नाला साका होत नाही, तो दरवर्षी फळतो, तरी गिऱ्हाईक हापूसच मागते. सगळे संशोधन बाजारात चालत नाही. पण त्याच रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून १९९२ साली 'सिंधू' आंबा आला. त्याची कोय अगदी पातळ असते. आमच्या परसात रत्नाचे एक झाड आहे. हापूस एखाद्या वर्षी रुसतो, रत्ना रुसत नाही. ते झाड अब्बांनी स्वतः लावले. केव्हा लावले, ते त्यांनी चाचांना सांगितले नव्हते.

तास संपत आला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील होडी घेऊन समुद्रावर जातात. तिने विचारले, "सर, मासळीसाठी पण कुणी असे वही घेऊन बसते का?"

मी सांगितले, "रत्नागिरीजवळ शिरगावला याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ सालापासून."

"आम्हांला बघायला मिळेल?"

मी हेडमास्तरांकडे सहलीचा अर्ज केला. झेला अजून स्टाफरूमच्या कोपऱ्यात होता. अब्बांनी दोनदा निरोप पाठवला, आंबे उतरवायचे आहेत, तो लवकर घेऊन ये.