गळ्यातली कात्री

नववीत असताना शाळेच्या पायरीवर घसरले आणि समोरच्या दाताचा कोपरा उडाला. तेव्हापासून हसताना तोंडावर हात, लग्नानंतर पदर. माझ्या थोरल्या जाऊबाई कन्नड माहेरच्या. दरवेळी विचारायच्या, 'बाय मुच्कोंड याक नगती?' तोंड झाकून का हसतेस? मी विषय बदलायची.

यंदा लेकीचा साखरपुडा ठरला आणि तिने हट्टच धरला, 'आई, फोटोत तरी मोकळी हस. बाँडिंग करून घे.'

टिळकवाडीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी दात-हिरड्या तपासल्या. कीड असेल तर उपचार आधी, शोभा नंतर, म्हणाल्या. मग समजावलं. आम्ल लावून दात किंचित खरखरीत करायचा (ही युक्ती १९५५ सालची), दाताच्या रंगाचं मऊ रेझिन लावून आकार द्यायचा आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करायचं. लहान टवका असेल तर बहुधा एकाच बैठकीत काम होतं, सुईही लागत नाही. मोठा तुकडा गेला असेल किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर मात्र ते टिकणं अवघड.

'आणि हे जन्माचं नाही बरं का. काही वर्षांनी डागडुजी लागते. चहाचे डाग पडतात. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर आधीच; रेझिन नंतर पांढरं होत नाही.' मग विचारलं, 'दातांनी काय काय तोडता?'

मी गप्प. पंचवीस वर्षं शिवणकाम करते, धागा दातानेच तोडते.

'मग चार महिन्यांत परत याल,' त्या हसल्या.

घरी येताना वाटलं, हे कुणासाठी? व्याह्यांनी तर मुलगी पसंत केलीच आहे. लेकीच्या हट्टापायी केलं आणि धागा तोडताना तुटलं, तर पैसे पाण्यात. मी तारीख घेतलीच नाही. नाडीला कात्री बांधून गळ्यात अडकवली. पहिल्या दिवशी दहादा धागा तोंडाकडे गेला. पंधराव्या दिवशी एकदाही नाही. तेव्हा कळलं, दात मलाच हवा होता. मग गेले.

साखरपुड्यात व्याहीबुवांनी काहीतरी विनोद केला. सगळे हसले. माझा हात सवयीने वर गेला. शेजारी बसलेल्या जाऊबाईंनी तो धरून खाली घेतला आणि एवढंच म्हणाल्या, 'ईग नगु.' आता हस.