मापांची वही

संक्रांतीला आईचा खांदा साडेचौदा इंच होता, दिवाळीला चौदा. मशीनच्या खणातल्या वहीत दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. मधे पाऊस गेला, श्रावण गेला, गणपती गेले. आई रोज डोळ्यांसमोर होती, तरी हा अर्धा इंच मला टेपनंच सांगितला.

वर्षभर शिवलेलं-विणलेलं सगळं त्या वहीत आहे. भाच्याच्या बोरन्हाणाचं काळं झबलं. गुळेदगुड्डच्या खणाची कुंची, काठ बरोबर कपाळावर येईल अशी. बेळगावचा आषाढ उघडेना तेव्हा सुयांवर चढवलेला करडा स्वेटर, दोन सुलट दोन उलट. पानाच्या एका बाजूला आकडे चढत जातात, दुसऱ्या बाजूला उतरत. झबल्याला माया सोडत होते तेव्हा शेजारच्या अक्का म्हणाल्या, "आणि थोडी सोड गं, पोरगं वाढायलंय." आईच्या ब्लाउजलाही मी तेवढीच माया सोडली. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

तयार कपड्यांच्या मानेवरचे ते एम आणि एल मला कधी आपले वाटले नाहीत. त्या मापात कुणाचा डावा खांदा उतरलेला नसतो, कुणाला बाही कोपराखाली लागत नसते. टेप धरून माणसाजवळ उभं राहिलं की ते क्षणभर श्वास रोखतं. त्या क्षणासाठी मला शिवायला आवडतं.

अक्का धारवाडच्या. त्यांच्या कसुतीच्या भरतकामाला टेप चालत नाही, कापडाचे धागे मोजावे लागतात. गवंती आणि मुरगीचे टाके असे फिरतात की गाठ कुठं दिसत नाही आणि उलटी बाजू सुलटीसारखीच राहते. २००६ साली कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालं. अक्का ओंदु, एरडु, मूरु करत मोजतात, मी एक, दोन, तीन.

वाकळेला मात्र मापच नाही.

निपाणीला शिमगा झाला की आजी सोप्यात वाकळ मांडायची. खाली आजोबांचं धोतर, वर लुगडं, मधे घरादाराच्या जुन्या कपड्यांचे थर, आणि कापड सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा. धावदोरा कडेनं निघे आणि चौकोनात चौकोन घालत आत सरके. आजीचा टाका तांदळाएवढा. गल्लीतल्या बायका तंबाखूच्या वखारीतून दमून यायच्या, तरी घटकाभर टेकायच्या आणि आपल्या बाजूनं चार ओळी घालून जायच्या. याच गावातल्या तंबाखू कामगार बायका पुढं संघटित होऊन मजुरीसाठी उभ्या राहिल्या. छाया दातारांनी त्यांच्या लढ्यावर १९८९ साली पुस्तक लिहिलं. मला आठवतात त्यांची बोटं. भुकटीनं पिवळी पडलेली, सुईत दोरा मात्र पहिल्या झटक्यात ओवणारी. त्यांची लुगडीही आमच्या वाकळांत यायची. भुकटी धाग्यात अशी मुरलेली की नव्या वाकळेत शिरलं की आधी शिंक यायची.

घटस्थापनेच्या आधी साऱ्या वाकळा यमगर्णीला वेदगंगेवर जायच्या. भिजलेली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून पीळ घालायचा, पाण्याची धार पायावर. मग काठावरच्या दगडांवर पसरायच्या आणि आम्ही पोरं त्यांवर माणसं शोधायचो. हा थोरल्या काकाच्या खाकी चड्डीचा खिसा. ही आत्याच्या परकराची झालर. हे हिरवं पोलकं कुणाचं, यावरून भांडणं. एकदा आजीनं ओल्या हातानं एका तांबड्या तुकड्यावरून बोट फिरवलं. ते पोलकं ज्या मुलीचं, ती मी पाहिलेली नव्हती.

शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आजी आत भाकरीचा चतकोर ठेवायची. उपाशी वाकळ ऊब देत नाही, म्हणायची. पुढं हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, त्यांच्या वाकळा, पाहिल्या. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय त्या बायका कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. आजीला ती फुलं दाखवायला हवी होती.

ऊब म्हटलं की लोकरीचं दुखणं निघतं. दुकानात मिळते ती लोकर बहुतेक लुधियानाची, ॲक्रिलिक. रंग सुरेख, पण घाम शोषत नाही. आणि आपल्या माळांवर धनगरांची काळी दख्खनी मेंढरं चरतात. मटणासाठी नेल्लोर जातीशी संकर होत गेला तशी त्यांची लोकर घटली, आणि जी कातरली जाते तिलाही धड गिऱ्हाईक नाही, पुष्कळदा ती टाकून द्यावी लागते. हे मला बघवत नाही. पट्टणकोडोलीला, विठ्ठल-बिरदेवाच्या गावी, अजून घोंगडी मिळते. बायकांनी कातायचं, पुरुषांनी खड्ड्यातल्या मागावर विणायचं, वर चिंचोक्याची खळ. ती टोचते, पण पावसाला दाद देत नाही.

यंदा तिथं जाऊन मी घोंगडी नाही, नुसतं सूत मागणार आहे. जाड सुया आणून ठेवल्यात. पहिला स्वेटर धाकट्या मामाला, रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला जातो त्याला. बाही ढिली हवी, चिखलात हात घालण्याआधी झटकन वर सारता येईल अशी.