बगदादची ‘सब्बा’

बगदादला जायचे ते बडे पीर साहेबांच्या दरबारात सलाम अर्ज करायला, हे आमच्या कोकणातल्या घरांत लहानपणापासूनच मनात बसलेले असते. ग्यारवींची नियाज दरवर्षी होते, पण ते शहर कसे दिसते हे कुणी सांगत नाही. बाबुश-शेखची जियारत उरकून दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सीने आजमियाकडे निघालो. इमामे आझम अबू हनीफा (रह.) यांची मस्जिद तिथे आहे. आम्ही शाफई, पण इमाम साहेब सगळ्यांचेच.

वाटेत एका मोकळ्या जागेत काँक्रीटच्या करड्या पाट्या एकीला एक टेकून उभ्या होत्या. दोन माणसांच्या उंचीच्या, तळाला रुंद, वर निमुळत्या. इंग्रजी ‘टी’ उलटा ठेवावा तशा. हे काय, म्हणून विचारले तर ड्रायव्हर म्हणाला, “सब्बा, हज्जी.”

शब्द ओळखीचा वाटला. सब्ब म्हणजे ओतणे. मक्तबात पाठ केलेल्या सूरह अबसमध्ये पावसाच्या पाण्यासाठी हाच शब्द येतो. साच्यात ओतलेली वस्तू, म्हणून सब्बा. इराकी माणसाने तिला दुसरे काही मोठे नाव दिले नाही.

अमेरिकन सैनिकांनी मात्र बारसेच घातले होते. सर्वांत ठेंगणा, सुमारे ३ फुटांचा अडथळा ‘जर्सी’. तो मुळात न्यू जर्सी राज्यातल्या रस्त्यांवरचा दुभाजक. आपल्याकडच्या हमरस्त्यांवरही तसलेच असतात. (आपल्याला जर्सी म्हटले की गाय आठवते. ती गाय आणि ते राज्य, दोघांचे नाव एकाच बेटावरून आले आहे.) त्याहून मोठे ते कोलोरॅडो, मग टेक्सास आणि सर्वांत उंच, १२ फुटांच्या आसपासचे, अलास्का. स्वतःच्या देशाचा नकाशाच त्यांनी दुसऱ्याच्या गल्लीत उभा केला. उंच भिंतीला ‘ब्रेमर भिंत’ असेही म्हणत. पॉल ब्रेमर हे मे २००३ ते जून २००४ इराकचा कारभार पाहणारे अमेरिकन प्रशासक. साहेब वर्षभरात परत गेले, भिंती राहिल्या.

या पाट्यांना पाया लागत नाही. क्रेनने उचलायच्या आणि शेजारी शेजारी ठेवायच्या, की एका रात्रीत मोहल्ला तुटतो. एप्रिल २००७मध्ये आजमियाभोवती अशी सुमारे ५ किलोमीटरची भिंत सुरू झाली. सुन्नी वस्तीचे रक्षण, असे कारण सांगितले गेले. वस्तीतले लोकच विरोधात रस्त्यावर उतरले. पंतप्रधान मालिकींनीही काम थांबवायला सांगितले, तरी ते चालूच राहिले. आमचा ड्रायव्हर तेव्हा शाळकरी मुलगा. मामाचे घर समोरच्या रस्त्यापलीकडे, पण चौकीवरून वळसा घालून जायला दुपार जायची, असे तो सांगत होता.

तरी भिंतीने जीव वाचवले नाहीत, असेही म्हणता येत नाही. स्फोटाचा धक्का आणि उडणारे तुकडे ती अडवते. ऑगस्ट २००९मध्ये मालिकींनी ४० दिवसांत भिंती हटवण्याचे ठरवले आणि १९ तारखेला सरकारी खात्यांच्या इमारतींसमोर ट्रकबॉम्ब फुटले. सुमारे १०० माणसे गेली. ड्रायव्हरची अम्मी त्यानंतर भिंतीला शिव्या द्यायची बंद झाली म्हणे. पुढच्या दहा वर्षांत बहुतेक भिंती हलल्या.

जोहर पढून आम्ही जिस्रुल अइम्माकडे वळलो. दजला नदीवरचा हा पूल. अलीकडे आजमिया, पलीकडे इमाम मूसा काझिम यांचे काझिमिया. ३१ ऑगस्ट २००५ रोजी इथे जायरीनांची प्रचंड गर्दी होती. बॉम्बवाला आल्याची अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत व नदीत पडून ९५०च्या आसपास माणसे मेली. आजमियाच्या उस्मान अली या सुन्नी तरुणाने नदीत उडी घेतली. कित्येक शिया जायरीनांना त्याने काठाला आणले आणि शेवटी थकून स्वतः बुडाला. त्यानंतर पूल बंद झाला, तो नोव्हेंबर २००८मध्ये उघडला.

आमच्या टॅक्सीला पूल ओलांडायला दोन मिनिटेही लागली नाहीत. मध्यावर ड्रायव्हरने वेग कमी केला, काच खाली केली आणि उस्मानसाठी फातिहा पढला. आम्हीही हात उचलले.