शिफ्ट सुटली, छोटा हत्ती आला!

वीकएन्डला जालना? ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझी बदलीच झालीये. लोणावळा, काशिद, गेला बाजार कर्जत तरी! पण माझा मावसभाऊ, आमचा दादा, फोनवर पाचव्यांदा म्हणाला, "ये की एकदा, माझं दुकान बघ. चालतं-फिरतं हाय." म्हटलं, मॉल बघून कंटाळा आलाच आहे, हेही बघून टाकू.

जाणं आता सोपं आहे. ३० डिसेंबर २०२३ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत नेली. एसीत बसून संध्याकाळी जालन्यात हजर! 'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण इथे लहान पोरालाही पाठ असते. व्यापाराचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथेच महिको सुरू केली आणि गावाला बियाण्यांची ओळख मिळाली. मोसंबी तर आहेच. आणि तुम्ही नवा फ्लॅट बुक केला असेल, तर त्याच्या पिलरमधली सळई जालन्याची असू शकते, बरं का!

ही सळई जिथे बनते त्या एमआयडीसीत सकाळी साडेसहाला पोचलो. पिकनिक स्पॉट अजिबात नाही. भंगाराने भरलेले ट्रक, काळी धूळ आणि पत्र्याच्या शेडमधून येणारी घरघर. विजेच्या भट्टीत भंगार वितळवायचं, त्याच्या लाद्या ओतायच्या, त्या लाल असताना लाटून सळई काढायची. महाराष्ट्रात उद्योगांना रात्रीच्या विजेवर कित्येक वर्षं सूट होती, त्यामुळे भट्टीवाल्यांना रात्रीचं जागरण नवं नाही. मजूर बरेचसे बिहार-यूपीचे, बाकीचे बदनापूर-अंबडकडचे. भट्टीसमोर पाळी काढलेल्या माणसाला आटा-डाळ आणायची तर शेअर रिक्षा पकडून गावात जायचं, आणि रात्री अकराला सुटला तर दुकानं बंद. दादाचा धंदा या फटीत उभा आहे.

आधी तो एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात पाच वर्षं होता. कुठली पाळी कधी सुटते, हे त्याला तोंडपाठ. "दुकान टाकलं की गिऱ्हाइकाची वाट बघत बसा. इथं गिऱ्हाईक कधी सुटतं ते मला मिनिटावर ठाऊक हाय," तो म्हणाला. त्याने जुना छोटा हत्ती घेतला, एफएसएसएआयची नोंदणी केली, वजनकाट्यावर शिक्का मारून घेतला. रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घ्यायची, मग वहिनीने पिशव्या भरायच्या, प्रत्येकीवर नाव आणि थांबा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. टेम्पो गेटपासून थोडा लांब लावायचा आणि बरोबर वीस मिनिटांनी निघायचं. ज्याची पिशवी राहिली, त्याची पुढच्या पाळीला. फंडा एकदम सिंपल.

पण सिंपल म्हणजे सोपा नव्हे. सुरुवातीला त्याने आपल्या आवडीने माल भरला: शेंगदाणा तेल, ज्वारी. यूपी-बिहारवाले पिशवीत डोकावून विचारायचे, "सरसों का तेल? सत्तू?" आता अर्धा टेम्पो मोहरीच्या तेलाचा आणि सत्तूचा असतो. सातच्या थांब्यावर मी पिशव्या वाटायला उभा राहिलो. नावं वाचता वाचता दमलो, सॉलिड! एका पोराने माझ्या हातातून पिशवी घेतली, तिथेच सत्तूचं पाकीट फोडलं, बाटलीत टाकलं, हलवलं आणि घटाघट प्यायला. नाश्ता खतम.

दादाला मी एक गोष्ट सांगितली. १९२५मध्ये झुरिकमध्ये गॉटलीब डुटवायलर नावाच्या माणसाने पाच फोर्ड ट्रक घेतले आणि कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, खोबरेल चरबी, साबण असा सहाच जिनसांचा माल ठरलेल्या थांब्यांवर विकायला सुरुवात केली. पुरवठादारांनी बहिष्कार टाकला, तेव्हा तो माल स्वतःच बनवायला लागला. ती मिग्रोस कंपनी आज स्वित्झर्लंडमध्ये अवाढव्य आहे. तिचे फिरते ट्रक मात्र २००७मध्ये थांबले. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला टेम्पोचा हप्ता होता का?"

खरी गोम इथे आहे. दादाचा हप्ता सात तारखेला, मजुरांचा पगार दहाला. शंभराच्या मालात हातात राहतात सहा-सात रुपये, आणि महिन्याच्या शेवटी निम्म्या पिशव्या उधारीवर. ते तीन दिवस वहिनीच्या बचतगटातून पैसे उचलून काढायचे. उधार बंद केलं तर गिऱ्हाईक तुटणार. चालू ठेवलं आणि कुणी हिशेब न करता छठला गावी गेलं, तर पैसे पाटण्याच्या गाडीत बसून गेले. म्हणून नियम एकच: पहिल्या पिशवीचे पैसे आल्याशिवाय दुसरी नाही. आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांपेक्षा मला हा हिशेब जास्त सरळ वाटला.

रात्री अकराचा थांबा करून घरी आलो. जेवताना दुसऱ्या दिवसाची यादी मधोमध. बेचाळीस नावं, त्यातल्या दोघांपुढे दादाने प्रश्नचिन्ह काढलेलं. दोघे गावी गेलेत, 'सकाळपर्यंत येतो' असा मेसेज आहे, उधारी मागची बाकी. वहिनी म्हणत होती भरू नका, दादा म्हणत होता आले आणि पिशवी नसली तर? मी झोपायला गेलो तेव्हाही दोघांचं हेच चालू होतं.